चार तासांची वाट आणि बारा सेकंदांचे दर्शन

क्रिकेटचा सामना पाहायला तुम्ही सकाळपासून मैदानावर जाऊन बसलात आणि खेळ मात्र बारा सेकंदांतच आटोपला, तर तुम्हाला काय वाटेल? फ्रान्समध्ये दर वर्षी जुलै महिन्यात लाखो माणसे असा सौदा राजीखुशीने करतात. 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीचे हे प्रेक्षक.

'लोतो' नावाच्या वृत्तपत्राने आपला खप वाढावा म्हणून १९०३ साली ही शर्यत सुरू केली. हल्ली ती २१ टप्प्यांत, २३ दिवस चालते आणि सायकलपटू सुमारे साडेतीन हजार किलोमीटर अंतर तोडतात. शर्यत सार्वजनिक रस्त्यावरून जाते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तिकीट नाही. शिदोरी घ्यावी, घडीची खुर्ची घ्यावी आणि रस्त्याच्या कडेला जागा धरावी. शर्यतीच्या सुमारे दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा टोप्या आणि खाऊ उधळीत जातो. मग पुन्हा शांतता. पुढे हेलिकॉप्टरची घरघर ऐकू येते आणि रंगीबेरंगी घोळका समोरून निघून जातो.

आता थोडे गणित करू. घोळक्याची लांबी १५० मीटर धरा आणि वेग ताशी ४५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १२.५ मीटर. १५० ला १२.५ ने भागा. उत्तर १२ सेकंद! एवढ्या वेळात दीडशेहून अधिक चेहऱ्यांतून आपला आवडता खेळाडू कसा शोधायचा?

हे सगळे असे दाटीवाटीने का जातात? याचे कारण हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटर वेगाने एकट्याने जायचे, तर केवळ हवेसाठी साडेतीनशे वॅटच्या आसपास शक्ती खर्च होते. दुसऱ्याच्या पाठीमागे राहिले की हा खर्च घटतो. बेर्ट ब्लोकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ सायकलपटूंच्या घोळक्याचा अभ्यास संगणकावर आणि वातबोगद्यात केला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला काही जागी हवेचा रोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के उरतो. अशी स्वस्ताई सोडून बाहेर कोण पडेल?

पण या स्वस्ताईची किंमत मोजावी लागते. पुढच्या चाकात आणि मागच्या चाकात अर्धा मीटर अंतर धरा. ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाने ते ०.०४ सेकंदात कापले जाते. डोळ्यांनी पाहून हाताने ब्रेक दाबायला माणसाला निदान ०.२ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सायकल अडीच मीटर पुढे गेलेली असते. २६ जून २०२१ रोजी पहिल्याच टप्प्यात, ब्रेस्त ते लांदेर्नो या रस्त्यावर, एक प्रेक्षक पुठ्ठ्याचा फलक दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याकडे धरून उभी होती. तिची पाठ शर्यतीकडे होती. टोनी मार्टिन हा स्वार फलकावर आदळला आणि त्याच्यामागे डझनावारी सायकली एकमेकींवर कोसळल्या. मागच्यांचे कौशल्य कमी पडले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्याजवळ वेळच नव्हता.

म्हणून जाणता प्रेक्षक डोंगर गाठतो. आल्प्समधला आल्प द्युएझचा घाट पाहा. लांबी १३.८ किलोमीटर, वळणे २१, आणि चढ सरासरी आठ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेले की ८ मीटर वर. वळणांवर लोक आदल्या दिवसांपासून मुक्काम ठोकतात आणि डांबरावर खेळाडूंची नावे रंगवतात. सायकलीसह ७५ किलो वजनाचा स्वार येथे ताशी २० किलोमीटरने चढत असेल, तर तो सेकंदाला सुमारे ०.४४ मीटर उंची मिळवतो. ७५ × ९.८ × ०.४४ हा गुणाकार करा. सव्वातीनशे वॅट! एवढी शक्ती गुरुत्वाकर्षणासाठी, आणि हवेसाठी फक्त तीसेक वॅट. घोळक्यात लपून वाचवायचे ते एवढ्यातलेच.

सपाटीवर ८० किलोचा धिप्पाड गडी ६० किलोच्या सडपातळ गड्याच्या बरोबरीने धावतो. हवेला वजनाशी देणेघेणे नसते. चढावर मात्र वजनाच्या प्रमाणात शक्ती मोजावी लागते. घोळका विरतो. एकेक जण, दोघे-तिघे असे धापा टाकीत येतात, चेहऱ्यावरचा घाम दिसतो, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत अर्धा तास सहज जातो. चढावरच्या पराक्रमासाठी लाल ठिपक्यांचा सदरा १९७५ पासून दिला जातो. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतला 'घाटाचा राजा' तुम्हाला आठवला असेलच.

जवळीक वाढली की मोह होतो. काही उत्साही मंडळी स्वाराला ढकलतात. १०० न्यूटन बल लावून पाच मीटर ढकलले, तर कार्य झाले ५०० ज्यूल. सव्वातीनशे वॅटच्या स्वाराला ही फार तर दीड सेकंदाची भेट! त्यासाठी गर्दी रस्ता इतका अरुंद करते की सायकल जेमतेम जाईल. २०१८ मध्ये याच घाटात विन्चेन्झो निबाली गर्दीत पडला. त्याच्या मणक्याचे हाड मोडले आणि शर्यत सोडावी लागली.

त्याआधी, १४ जुलै २०१६ रोजी, मों वांतू पर्वतावर वेगळाच प्रकार झाला. शिखरावर वारा एवढा प्रचंड होता की शर्यतीचा शेवट सहा किलोमीटर खाली, शाले रेनार येथे आणावा लागला. वरच्या सहा किलोमीटरवर पसरले असते ते लोकही खाली दाटले. गर्दीत मोटारसायकल अडली, तिच्यावर तीन स्वार आदळले, आणि आघाडीवीराचा पिवळा सदरा घातलेला क्रिस फ्रूम मोडकी सायकल सोडून चक्क धावत सुटला! शेवटी पंचांनी वेळ सुधारून दिली. पिवळा सदरा त्याच्याकडेच राहिला आणि त्या वर्षीची शर्यतही त्यानेच जिंकली.

एवढे झाले तरी प्रेक्षक डोंगरावर येतातच. मला विशेष कौतुक वाटते ते मागे थांबणाऱ्यांचे. विजेता केव्हाच वर पोहोचलेला असतो, आणि सपाटीवर वाऱ्यासारखे धावणारे धिप्पाड गडी ठरलेल्या वेळेच्या आत शिखर गाठण्यासाठी एकत्र जमून चढत असतात. त्यांनाही नावानिशी हाका मिळतात. त्यांच्यामागून शर्यत सोडणाऱ्यांना उचलून घेणारी 'झाडूगाडी' येते. ती वळणाआड झाली की लोक खुर्च्या मिटतात आणि घाट पायी उतरू लागतात.