शिकारीची सर्वोपयोगी गोळी

मुरूडजवळील फणसाड हें जंजिऱ्याच्या नबाबांचें शिकारीचें राखीव रान. सन १९८६ पासून तें अभयारण्य आहे. सांबर, भेकर, डुक्कर, बिबट्या एकाच रानांत; मग बंदुकींत गोळी कोणती असावी ?

शुद्ध शिशाची मऊ गोळी अंगांत शिरतांच पसरते. बिबट्यास ती पुरे. गव्यासारख्या जाड कातड्याच्या जनावरांत मात्र ती हाडावर चपटी होऊन उथळ राहते, आणि जनावर जखमी होऊन निसटतें. यास्तव जुने शिकारी शिशांत कथील मिसळून गोळी कठीण करीत. पुढें धातूचें वेष्टण आलें, तेव्हां टोंकाशीं शिसें उघडें ठेवलेली गोळी बहुतेक कामांस चालूं लागली. कलकत्त्याजवळील दमदमची गोळी याच जातीची. १८९९ च्या हेग परिषदेनें तिला मनाई केली, ती युद्धापुरती; शिकारींत नव्हे !

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, बंदुकीसोबतचा गोळीचा सांचा वेगळा करूं नये. सुट्या गोळ्या घासण्याऐवजीं तोलाव्या. एकाच व्यासाच्या भरीव गोळ्यांत हलकी ती बहुधा मिश्र धातूची. वरील पांढरा थर विषारी असतो; हात धुवावे.