‘अँटिक’ दागिना घेताय? तो खरंच जुना आहे की नुसता जुना दिसतो? आधी हे वाचा

विठ्ठलवाडी : लग्नसराई जवळ आली की ठुशी, बोरमाळ, पुतळी हार, वज्रटीक अशा पारंपरिक दागिन्यांची मागणी वाढते. विठ्ठलवाडीकरांना त्यासाठी एका स्टेशनवरचं कल्याण जवळ पडतं. काही जण लोकलने थेट झवेरी बाजार गाठतात. पण पहिल्यांदाच अशी खरेदी करणाऱ्याला ‘अँटिक’ हा एक शब्द महागात पडू शकतो.

‘अँटिक’ म्हणजे जुना का?

बहुतेक वेळा नाही. सराफाकडे ‘अँटिक’ म्हणजे सहसा ‘अँटिक फिनिश’: चमक कमी करून, खाचांमध्ये काळसर छटा आणलेला नवाकोरा दागिना. तो घेण्यात गैर काहीच नाही. मात्र ‘जुना आहे’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. सरळ विचारा, ‘घडवलेला केव्हाचा?’ आणि उत्तर बिलावर लिहून मागा.

जुना दागिना ओळखायचा कसा?

- मागची बाजू पाहा. हाताने घडवलेले मणी अगदी एकसारखे नसतात.
- कड्या आणि फासे वापराने झिजलेले असतात. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल, तर शंका घ्या.
- कडांवर आतला पांढरा किंवा तांबूस धातू दिसत असेल, तर तो मुलामा असू शकतो.

हॉलमार्क पुरेसा आहे का?

शुद्धतेसाठी हो, वयासाठी नाही. 1 एप्रिल 2023 पासून सराफांना सहा अक्षर-अंकांच्या ‘एचयूआयडी’शिवाय हॉलमार्कचे सोन्याचे दागिने विकता येत नाहीत. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्किंगची तारीख दिसते. ही तारीख शिक्का मारल्याची असते, दागिना घडवल्याची नव्हे.

कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना, तसंच 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्यांना सक्तीतून सूट आहे. तिथे बिल हाच मोठा आधार.

खरा फटका कुठे बसतो?

वजनात. बोरमाळेसारख्या दागिन्यांचे मणी अनेकदा पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते. समजा, माळेचं वजन 25 ग्रॅम आणि त्यात लाख 7 ग्रॅम. म्हणजे सोनं फक्त 18 ग्रॅम. ते 22 कॅरेटचं (916) असेल, तर शुद्ध सोनं साधारण 16.5 ग्रॅम. पूर्ण 25 ग्रॅमला सोन्याचा भाव लावला, तर 7 ग्रॅम लाख तुम्ही सोन्याच्या दराने घेतली. मोडताना मात्र लाख आणि खडे वजा होतात.

बिलात काय हवं?

- एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं
- कॅरेट आणि त्या दिवसाचा दर
- घडणावळ, खड्यांची किंमत आणि जीएसटी
- परत घेताना किती घट धरणार

शंका असेल तर?

दुकानातलं कॅरेट मोजायचं मशीन मुख्यतः वरच्या थराचं मोजमाप देतं. खात्रीसाठी बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात तपासणी करून घेता येते. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर त्या वजनातल्या फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याची नियमांत तरतूद आहे.

घरातली जुनी ठुशी मोडायची का?

घाई करू नका. मोडीत फक्त सोन्याचा भाव मिळतो. जुन्या कारागिरीचे पैसे कोणी देत नाही. नव्या दागिन्याची घडणावळ मात्र पुन्हा भरावी लागते. म्हणजे आजीची खरी जुनी ठुशी वितळते आणि तिच्या बदल्यात घरी येते ती जुनी ‘दिसणारी’ नवी. दोरा जीर्ण झाला असेल, तर ती पुन्हा गाठवून घ्या. कडी झिजली असेल, तर सोनाराकडून बदलून घ्या. दुकानाची पायरी चढण्याआधी एकदा घरातला डबा उघडून पाहा.