बेलेनच्या श्रीमंतीखालचं पाणी

कोस्टा रिकाच्या मध्य खोऱ्यातलं बेलेन जेमतेम 12 चौरस किलोमीटरचं, पण देशातल्या सधन नगरपालिकांमध्ये त्याची गणना होते. 1907 मध्ये ते एरेदियापासून वेगळं झालं, तेव्हा इथे शेती होती, कॉफी होती आणि पॅसिफिक किनाऱ्याकडे निघालेला लोहमार्ग होता. पुढे टायरचा कारखाना आला, शेजारी विमानतळ झाला. 1996 मध्ये इंटेलने कोस्टा रिकाची निवड जाहीर केली आणि बेलेनच्या ला रिबेरा भागात कारखाना उभा राहिला. दुसरीकडे घडलेल्या सिलिकॉनच्या चिप इथे येत, आवरणात बसवल्या जात, तपासून रवाना होत. वजनाला हलका आणि किमतीला भारी असा हा माल विमानानेच जातो, म्हणून धावपट्टीची जवळीक मोलाची ठरली.

पण कंपन्या मुक्काम हलवतात. 2014 मध्ये इंटेलने जुळणीचं काम आशियात नेलं, सुमारे 1,500 नोकऱ्या गेल्या. 2020 च्या अखेरीस ते परत आणायचं ठरलं. 2025 मध्ये हे काम हलवण्यासाठी पुन्हा व्हिएतनाम आणि मलेशियाचं नाव पुढे आलं.

मला बेलेनचं खरं भांडवल या कारखान्यांहून जुनं वाटतं. उत्तरेला 2,906 मीटर उंचीचा बार्वा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारांवर पडलेला पाऊस राखेतून, लाव्ह्याच्या भेगांतून खाली उतरतो आणि बार्वा व कोलिमा या जलधरांत, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकांच्या थरांत, साठतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या घरात. त्यातल्या कितीतरी पोकळ्या खनिजांनी बुजलेल्या आहेत. इथला लाव्हा तुलनेने कोवळा, भेगा मोकळ्या, त्यामुळे पाणी मुबलक वाहतं. बेलेनच्या सीमेवर ओहो दे आग्वा इथे ते झऱ्यांतून उसळतं. हेच पाणी नळाने थेट किनाऱ्यावरच्या पुंतारेनासपर्यंत नेलं गेलं.

मोकळ्या भेगांतून पावसाबरोबर बाकीचंही उतरतं. कॉफीच्या मळ्यांतलं नत्रखत आणि घराघरांतल्या शोषखड्ड्यांतलं सांडपाणी यांमुळे बार्वा जलधरात नायट्रेट वाढल्याचं अभ्यासकांनी दाखवलंय. वर सिमेंट पसरलं की मुरणारा पाऊसही कमी होतो. 1942 च्या जलकायद्याने पिण्याचं पाणी उचलण्याच्या जागेभोवती 200 मीटर त्रिज्येचं संरक्षण दिलं, ते आवश्यकच होतं. मात्र बेलेनच्या झऱ्यात येणारा पाऊस मुरतो कित्येक किलोमीटर वर, दुसऱ्याच नगरपालिकांच्या हद्दीत. तिथल्या बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हे बेलेनच्या हाती नाही.