पावसाला न भिणारी गाय आणि तिचं गाव

दोस्तांनो, एक सोपा प्रश्न. धो धो पाऊस लागला की तुम्ही काय करता? छत्री उघडता, नाहीतर रेनकोट चढवता. पण गुराढोरांनी काय करायचं?

मालवण तालुक्यातल्या तोंडवलीच्या मुलांना हा प्रश्न नवा नाही. त्यांच्या गावाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. जून उजाडला की समुद्रावरून ढग येतात आणि चार महिने मुक्काम ठोकतात. म्हणूनच कोकणातली गाय अंगानं लहान, खायला कमी आणि दमट हवेला सरावलेली असते. तिची आता ‘कोकण कपिला’ या नावानं वेगळी जात म्हणून नोंदही झाली आहे. म्हणजे जसं हवापाणी, तसं जनावर!

पण समुद्रावरून आलेले ढग किनाऱ्यावर थांबत नाहीत. ते सह्याद्रीला जाऊन धडकतात, आणि तिथे तर पावसाला ऊतच येतो. त्या डोंगरातली गाय कशी असेल? ते बघायला आपण तोंडवली सोडून उत्तरेकडे, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे जाऊ. गावाचं नाव राजूर, तालुका अकोले. विदर्भातलं अकोला नव्हे बरं का! हे अकोले अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं.

राजूर आहे प्रवरा नदीच्या खोऱ्यात, चहूकडून डोंगरांच्या कुशीत. वरच्या अंगाला भंडारदऱ्याचं धरण आहे. ते १९२६ साली पुरं झालं. जवळच महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. या सगळ्या मुलखाला ‘डांगाण’ म्हणतात आणि इथल्या गुरांची जात डांगी. महादेव कोळी, ठाकर आणि कानडी समाजाच्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

सिनेमात तुम्ही घोड्यावर बसून गुरं हाकणारे काउबॉय पाहिले असतील. इथे तसली हजार हजार गुरांची कुरणं नाहीत. घरापुरती गुरं, डोंगरउतारावरचं गवत आणि हातात काठी घेतलेला गुराखी, एवढाच पसारा.

आता डांगीची गंमत ऐका. तिच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो. त्यामुळे पावसाचं पाणी अंगात मुरत नाही, निथळून जातं. अंगातच रेनकोट! तिचे खूर काळे आणि गारगोटीसारखे टणक असतात. भाताच्या खाचरात दिवसभर चिखलणी केली, नाहीतर दगडधोंड्यांतून चाललं, तरी ते लवकर झिजत नाहीत. रंग बहुतेक पांढरा आणि त्यावर काळे किंवा तांबडे ठिपके. मणेरी, बहाळा, पारा, शेवरा अशी त्या रंगांना नावंसुद्धा आहेत.

राजूरला दरवर्षी हिवाळ्यात डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल आणि वळू घेऊन गावोगावचे शेतकरी येतात. त्यांचे गट कसे पाडतात ठाऊक आहे? दातांवरून! गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खाली आठ असतात. वासराचे सगळे दुधाचे दात असतात, तोवर ते ‘आदत’. साधारण दोन वर्षांनंतर पहिली पक्की जोडी येते, तो ‘दोन दाती’. मग चार दाती, सहा दाती, आणि चार-साडेचार वर्षांच्या सुमारास आठही दात पक्के झाले की ‘जुळला’. जन्मदाखला तोंडातच असतो म्हणा ना!

हा नुसता मौजेचा मेळा मात्र नाही. ज्या वळूला बक्षीस मिळतं, त्याचं नाव खोऱ्यात होतं आणि लोक आपल्या गाई त्याच्याकडे आणतात. चांगल्या वळूची चांगली वासरं होतात आणि जात टिकते. २०२२ साली लम्पीची साथ आली, तेव्हा राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. असा एखादा हंगाम हुकला की शेतकऱ्याला त्याची झळ बसते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. समजा, तुम्ही राजूरजवळचे शेतकरी आहात. बैलजोडीचं मोठं काम पावसाळ्यातल्या चिखलणी-लावणीचं, पण तिला खायला घालायचं बारा महिने. पॉवर टिलर मात्र तासाच्या भाड्यानं मिळतो. डांगी गाय दूधही थोडकं देते. संकरित गाय बादलीभर देते. मग तुम्ही काय कराल?

बघा, उत्तर सोपं नाही! संकरित गाईला कोरडा गोठा, विकतचा खुराक आणि डॉक्टरांच्या फेऱ्या लागतात. डोंगरउतारावरच्या एवढ्याशा खाचरात ट्रॅक्टर शिरत नाही. डांगी मात्र भर पावसात डोंगरावर चरून येते. म्हणून काही जण ती राखतात आणि काही जण विकतात. दोघांनाही घर चालवायचं असतं, तेव्हा विकणाऱ्याला नावं ठेवू नका. एवढंच लक्षात ठेवा, की टिलर बिघडला तर दुसरा आणता येतो. शेकडो वर्षं पावसानं घडवलेली जात एकदा संपली, तर ती कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

आई-बाबांबरोबर भंडारदऱ्याला गेलात, तर राजूरला जरूर थांबा. एखाद्या गुराखी दादाला त्याच्या गाईचं नाव विचारा, रंगाचंही विचारा. दात बघायची हौस असेल, तर ते काम मात्र मालकालाच करू द्या हं! आणि तोंडवली असो की तुमचं गाव, आजी-आजोबांना एक प्रश्न नक्की विचारा: आपल्याकडे पूर्वी कुठल्या जातीची गाय होती? ती आता कुठे आहे?