गूझ क्रीकहून फोन येत नाही तेव्हा

अमेरिकन नौदलाच्या अणुशाळेत, म्हणजे अणुभट्ट्या चालवायला शिकवणाऱ्या शाळेत, मुलगा किंवा मुलगी गेली की घरच्यांचा जीव फोनपाशी अडकतो. उचलला नाही की वाटतं, काहीतरी बिनसलं. बहुतेक वेळा बिनसलेलं काही नसतं! साउथ कॅरोलायनातल्या गूझ क्रीकच्या या शाळेत बराचसा अभ्यास गोपनीय असतो. त्या वह्या खोलीवर नेता येत नाहीत, मोबाइल वर्गात नेता येत नाही. म्हणून गृहपाठही रात्री त्याच इमारतीत बसून करायचा. सुमारे ६ महिने गणित, अणुभौतिकी, उष्मागतिकी, किरणोत्सारापासूनचं संरक्षण. नौदलाचा अणुकार्यक्रम उभारणाऱ्या ॲडमिरल रिकोव्हर यांनी घालून दिलेली ही अभ्यासाची शिस्त. पुढचे ६ महिने चालू अणुभट्टीवर, पाळ्यांमध्ये. जवळच्या चार्ल्स्टनला तर जुन्या पाणबुड्याच धक्क्याला बांधून प्रशिक्षणासाठी वापरतात.

कायम वर्गात पहिली आलेली मुलंही इथे पहिल्यांदाच मागे पडतात, आणि ते फार लागतं. अशा वेळी ‘आज काय शिकलास?’ विचारू नका, त्याला सांगता येणार नाही. ‘जेवलास का? झोप झाली का?’ एवढं पुरतं. मध्यरात्री पाळी संपल्यावर वाचेल असा छोटा मेसेज टाकून ठेवा, उत्तराची घाई करू नका.

आवाज खचलेला वाटला, तर मात्र थांबू नका. तळावरच्या चॅप्लेनकडे (धर्मगुरूकडे) किंवा समुपदेशकाकडे लगेच जायला सांगा.