पुण्याने अंधार कसा टाळला?

रायपूरच्या चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ १९३५ साली स्थापन झाले. शहरातील मराठी कुटुंबांचे ते हक्काचे ठिकाण. कोरब्याच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांमुळे छत्तीसगडला भारनियमनाची झळ महाराष्ट्राइतकी बसली नाही. पण २००५-०६ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या आप्तांकडे गेलेल्यांना मेणबत्तीच्या उजेडात जेवणे चांगलेच ठाऊक झाले असेल.

त्याच काळात, २००६ मध्ये, पुण्याने एक वेगळी वाट काढली. गर्दीच्या वेळी शहराला सुमारे ९० मेगावॅट वीज कमी पडत होती. कारखान्यांकडे मात्र तेलावर चालणारे जनरेटर होते. उद्योजकांची संघटना सीआयआय, महावितरण आणि 'प्रयास' ही संस्था यांच्या विचारविनिमयातून योजना आकाराला आली आणि वीज नियामक आयोगाने तिला मंजुरी दिली.

योजना अगदी सोपी. ऐन मागणीच्या तासांत कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे. त्यामुळे त्यांच्या वाट्याची जी वीज उरेल, ती घरांना मिळायची. नव्या तारा नकोत की नवे वीजकेंद्र नको!

प्रश्न होता तो पैशांचा. एक लिटर डिझेलमधून जेमतेम तीन-चार युनिट वीज मिळते. ती नेहमीच्या विजेपेक्षा कितीतरी महाग. हा जादा खर्च भरायचा कोणी? महिन्याला ३०० युनिटांपेक्षा अधिक वीज वापरणाऱ्या घरांवर युनिटमागे ४२ पैसे आकार बसला. ज्या घरात दोन दिवे आणि एक पंखा, त्याला झळ लागली नाही.

टीकाही झाली. शहर उजळले, पण खेड्यातल्या मुलांनी कंदिलावरच अभ्यास करायचा का? पुण्याने इतरांच्या वाट्याची वीज घेतली नाही, हे खरे. पण पैसे मोजणाऱ्यालाच उजेड मिळावा का, हा सवालही खोटा नव्हता.

आपल्या सोसायटीत जनरेटर घेतानाही हाच विचार करावा. आधी पाण्याचा पंप, लिफ्ट आणि जिन्यातले दिवे, एसी नंतर. खर्चही वापराप्रमाणे वाटावा. जनरेटर मोकळ्या हवेत ठेवावा, कारण बंदिस्त जागेत त्याचा धूर जीवघेणा ठरतो. चेंजओव्हर स्विचशिवाय तो घरच्या वायरिंगला कधीही जोडू नये. ती वीज उलट तारांत शिरली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

तेलाची वीज अडचणीची वेळ निभावण्यापुरतीच असते. तिचा भार कोणी उचलायचा, हे मात्र दिवे जाण्याआधीच ठरवलेले बरे.