निकालापूर्वीचे दिवस आणि आपण पालक

दरवर्षी मार्च महिन्यात दहावीचा शेवटचा पेपर संपतो आणि घरोघरी सुटकेचा निःश्वास टाकला जातो. पुस्तके माळ्यावर जातात, मुले चार दिवस पोटभर झोपतात, कोणी मामाच्या गावाला जाते. परंतु मे महिना उजाडला की घरातील वातावरण पुन्हा बदलू लागते. 'निकाल कधी?' हा प्रश्न जिन्यात, लग्नमंडपात, रेशनच्या रांगेत भेटेल तो विचारू लागतो. मूल मात्र हळूहळू बोलेनासे होते.

परीक्षेच्या आधी मार्गदर्शन शिबिरे भरतात, निकालानंतर गुणगौरव समारंभ होतात. मधल्या दोन महिन्यांत पालकांनी काय करावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्या दिवसांविषयी समाजबांधवांशी आणि विद्यार्थी मित्रांशी थोडे बोलावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

निकालाला इतका वेळ का लागतो?

प्रथम हे समजून घेऊ. २०२५ साली दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. २०२४ साली तो २७ मे रोजी लागला होता. राज्य मंडळाच्या नऊ विभागांतून सुमारे साडेपंधरा लाख नियमित विद्यार्थी २०२५ च्या परीक्षेस बसले होते. प्रत्येकाच्या सहा विषयांच्या उत्तरपत्रिका. त्या परीक्षकाकडून तपासल्या जातात, नंतर नियामकाकडे जातात आणि मग गुण विभागीय मंडळाकडे पोहोचतात. लेखी परीक्षेच्या ८० गुणांत शाळेकडून आलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण मिळवले जातात. शेवटी सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढली जाते.

यात आपल्या काळजीने एका गुणाचाही फरक पडत नाही. आम्ही बँकेत नोकरीला लागलो तेव्हा बाहेरगावचा चेक वटायला पंधरा-पंधरा दिवस लागत. काही खातेदार रोज काउंटरवर येऊन विचारीत, "साहेब, आला का?" चेक त्यामुळे लवकर वटत नसे, मात्र खातेदाराची आणि आमची दोघांचीही झोप उडत असे. निकालाचे तसेच आहे. पेपर देऊन झाला आहे. आता आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मूल तो निकाल घेऊन कोणत्या घरात येणार आहे.

आमचा अनुभव

हे आम्हाला उशिरा समजले. त्याची हकिकत थोडक्यात सांगतो.

१९९६ साली आम्ही दहावीला होतो. वडील गिरणीत बदली कामगार, काम मिळेल त्या दिवशी मिळेल. निकालाच्या आठवडाभर आधी घरी पाहुणे आले असताना वडील सर्वांसमोर म्हणाले, "नापास झालास तर घरी येऊ नकोस." पाहुणे हसले, वडीलही हसले. आम्हीही हसल्यासारखे केले. आणि निकालाच्या दिवशी आमच्या गुणपत्रिकेत गणितात २९ गुण होते.

आम्ही घरी गेलो नाही. रात्री शेवटची गाडी जाईपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. वडिलांनी आम्हाला तेथे शोधून काढले, तेव्हा त्यांच्या एका पायात आईची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात स्वतःची. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अरे, ते बोलायचं असतं. मनावर घ्यायचं नसतं." पण सोळा वर्षांच्या मुलाला बोलायचे कोणते आणि मनावर घ्यायचे कोणते, हे कसे कळावे? ऑक्टोबरच्या परीक्षेत आम्ही गणित सोडवले. पुढे बी.ए. झालो, परीक्षा देऊन बँकेत लागलो. त्या रात्रीचा स्टेशनचा बाक मात्र विसरलो नाही.

विसरलो नाही असे आम्हाला वाटत होते, इतकेच. २०२४ साली आमची मुलगी दहावीला बसली. प्रत्येक पेपरनंतर आम्ही प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन तिचे गुण मोजले. भेटेल त्याला "नव्वदच्या पुढे जाईल" असे सांगत सुटलो. मे महिन्यात ती आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. भूक नाही म्हणायची, नंतर एकटीच स्वयंपाकघरात उभ्याने खायची. एके रात्री तिने विचारले, "पप्पा, समजा अठ्ठ्याहत्तर आले तर तुम्ही लोकांना काय सांगाल?" आम्ही हसून म्हणालो, "असं काही होणार नाही." ती उठून गेली. तेव्हा तिच्या आईने आम्हाला विचारले, "तिने काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

त्या रात्री आम्हाला स्टेशनचा बाक पुन्हा दिसला. तिला धीर हवा नव्हता, उत्तर हवे होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला ते दिले. स्टेशनची गोष्टही प्रथमच सांगितली. "अठ्ठ्याहत्तर आले तर अठ्ठ्याहत्तर सांगू, आणि संध्याकाळी आपण तिघे जेवायला बाहेर जाऊ. त्याहून कमी आले तरी जायचंच आहे," असे म्हणालो. तिला एक्क्याऐंशी टक्के पडले. ठरल्याप्रमाणे आम्ही जेवायला गेलो.

उत्तर निकालाआधी द्यावे

आमचे सांगणे एवढेच आहे. निकालानंतर 'जाऊ दे, काही बिघडत नाही' असे म्हटले, तर मुलाला ती समजूत वाटते. तेच वाक्य निकालाआधी, आपल्याला गुण माहीत नसताना म्हटले, तर मुलाचा त्यावर विश्वास बसतो. म्हणून निकालाच्या आठवडाभर आधी मुलाला जवळ बसवून तिन्ही शक्यता उघडपणे बोलाव्यात. चांगले गुण मिळाले तर काय, कमी मिळाले तर काय आणि एखादा विषय राहिला तर काय. मात्र असे बोलायचे तर पालकांना स्वतःला माहिती हवी. ती येथे देत आहोत.

गुण अपेक्षेपेक्षा कमी वाटले, तर गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. पुनर्मूल्यांकन हवे असल्यास आधी छायाप्रत घेणे अनिवार्य आहे, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. उत्तीर्ण होऊनही गुण वाढवायचे असतील, त्यांच्यासाठी श्रेणीसुधार योजना आहे.

एक किंवा दोन विषय राहिले, तर एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळू शकतो. त्याहून अधिक राहिले, तरी वर्ष वाया गेलेच असे नाही. आमच्या वेळी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. आता पुरवणी परीक्षा लवकर होते. २०२५ साली ती २४ जूनलाच सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील म्हणजे आयटीआयमधील काही व्यवसायांना दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. उत्तीर्णांना अकरावीखेरीज आयटीआय आणि तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम हे मार्ग आहेत. पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येते.

२०२५ सालचा निकाल ९४.१० टक्के लागला. वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत हाच आकडा येतो. उरलेले सुमारे सहा टक्के म्हणजे नव्वद हजारांहून अधिक मुले. त्यांच्याही घरी त्या दुपारी कोणीतरी वाट पाहत होते. सर्व पास होत असताना आपण राहिलो, हे दुःख पूर्वीपेक्षा आज अधिक बोचते, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

हातांना काम द्यावे

रिकाम्या बसण्याने काळजी वाढते. या दिवसांत मुलाला बरोबर घेऊन कागदपत्रे गोळा करावीत. शाळा सोडल्याचा दाखला निकालानंतर मिळेल. परंतु जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी आधी करता येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिचे निकष पालकांनी समाज कल्याण कार्यालयात आधीच विचारून ठेवावेत. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तेव्हा महाविद्यालयांचा पसंतीक्रम मुलाबरोबर बसून ठरवावा, त्याच्यासाठी परस्पर ठरवू नये.

याखेरीज घरातील एखादे खरे काम मुलावर सोपवावे. बँकेची स्लिप भरणे, वीजबिल भरणे, धाकट्या भावंडाला पोहायला नेणे. 'तुझ्यावाचून आमचे अडते' हे मुलाला गुणांशिवायही कळले पाहिजे.

निकालाच्या दिवशी

निकाल आता मोबाईलवर दिसतो. आसन क्रमांक आणि आईचे नाव घातले की गुण समोर येतात. दुपारी एकच्या सुमारास सगळे एकदम पाहू लागतात, संकेतस्थळ अडखळते, जीव टांगणीला लागतो. म्हणून त्या दिवशी घरातील एका तरी मोठ्या माणसाने रजा किंवा अर्धा दिवस सुटी घ्यावी. निकाल मुलाने स्वतः पाहावा की आईने, हे आदल्या दिवशी त्यालाच विचारावे. आकडा पाहिल्यावर पहिले वाक्य आपण काय बोलणार आहोत, तेही ठरवून ठेवावे. शेजारच्याचे किती, चुलत बहिणीचे किती, ही चौकशी त्या दिवशी मुळीच करू नये. नातेवाइकांचे फोन आईवडिलांनी घ्यावेत, मुलाच्या हाती देऊ नयेत.

काही खुणा मात्र हसण्यावारी नेऊ नयेत. झोप उडणे, जेवण सुटणे, मित्रांना टाळणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, 'मी नसलो तर बरे' अशा अर्थाचे बोलणे. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते. सर्वच निकालामुळे झाल्या असे नाही, परंतु अशी खूण दिसली तर मुलाला सरळ विचारावे, 'जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?' विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. आमच्या विद्यार्थी मित्रांनीही हे क्रमांक लिहून ठेवावेत. फोन करण्यात कमीपणा नाही.

रामजी सुभेदारांची आठवण

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाल्याची नोंद चरित्रग्रंथांत आढळते. आजच्या हिशेबाने हे चाळीस टक्केही होत नाहीत. तरीही परळच्या एका खोलीत राहणाऱ्या रामजी सुभेदारांनी मुलाचे शिक्षण थांबवले नाही. पैशांची ओढाताण असताना विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवून ते भीमरावांसाठी पुस्तके आणीत, असे चरित्रकार सांगतात. त्या निकालानंतर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. त्या सभेने टक्केवारी मोजली नाही. मुलगा कोठून निघाला आणि कोठवर आला, हे पाहिले.

आपल्या मंडळाचा गुणगौरव समारंभही याच परंपरेतला आहे. मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. पंचाहत्तर टक्क्यांवरील मुलांचा सत्कार अवश्य व्हावा. त्याच व्यासपीठावर पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींनाही बोलवावे. पडून उठलेल्या मुलालाही एक वही, एक पुस्तक आणि चार माणसांच्या टाळ्या मिळाव्यात. त्याच्या आईवडिलांनाही पुढच्या रांगेत बसवावे.

पालक बंधुभगिनींनो, यंदा ज्यांच्या घरी दहावी आहे त्यांनी निकालाची तारीख जाहीर होण्याची वाट पाहू नये. आजच संध्याकाळी मुलाला सांगावे, 'काहीही लागो, तू घरी ये.' आणि त्याच्यासमोर पाहुण्यांनाही तसेच सांगावे. सर्व विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक मंगल कामना.